शेडजवळची चार झाडं

तीन ओळींतली फळं इतकी एकसारखी, की टोपल्यांवरच्या चिठ्ठ्या काढल्या तर आमच्या आंबा संशोधन बागेच्या प्रमुख बाईसुद्धा चकतील. मी नाही चकणार. आठ वर्षं त्यांच्या बुंध्यांना टेप लावतेय, फळं मोजतेय. पहिली जात नुसती ताडमाड वाढते. दुसरी एक वर्ष लगडते, एक वर्ष रुसते. तिसरी माझ्या धाकट्या भावानं शोधून कलम बांधलेली. बुटकी, दरवर्षी भरगच्च, पण फळं झाडावरच तडकतात.

यंदा बाईंनी ठरवलंच, महिनाअखेर तिसरी ओळ मुळापासून तोडून टाकायची. भाऊ हूं की चूं करेना. माझ्याकडे जेवायलाही येईना. म्हटलं, बस फुगून, आकडे काय मी घरून आणते?

पण जीव तुटत होताच. म्हणून वही काढून एकेक झाड पाहिलं. ओळीतल्या दहांपैकी चारच झाडांची फळं तडकत होती, दरवर्षी त्याच, शेडला लागून असलेल्या झाडांची. मेलं माझं डोकं, मी नुसती बेरीज देत आले होते! शेडच्या दाराशी मी पहिल्या दोन ओळींची फळं धुते आणि कंबर दुखते म्हणून टब तिथंच उपडा करते. तिसरी ओळ उशिरा तयार होते. म्हणजे फळं अजून झाडावर, आणि कोरड्या मुळांना अचानक टबच्या टब पाणी. तडकणार नाहीत तर काय?

आठ वर्षांत माझ्या वहीत कुणाला एक चूक सापडली नव्हती. तरी तशीच बाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. बाईंनी वही दोनदा चाळली. मग झाडं तोडायच्या कागदावर काट मारली आणि टब लांब ओतून आणखी दोन हंगाम मोजायला सांगितलं.

धावतच भावाला गाठलं. तो कलमाचा चाकू पुसत होता. ऐकून म्हणाला, "टबाचं मला गेल्या वर्षीच कळलं होतं, ताई. तोंडातून निघून जाईल म्हणून जेवायला येत नव्हतो."

मी भडकले. "अरे, झाडं गेली असती तुझी!"

"झाडं मी पुन्हा बांधली असती. तुझ्या वहीवर कुणी बोट ठेवलेलं मला बघवलं नसतं."

आधी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, मग मला रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी टबाचा एक कान त्यानं धरला, एक मी, आणि भांडत भांडत कुंपणापलीकडे नेऊन ओतला.