पीठ न्हाय

आबा, आमचे वडील, जाऊन बावीस दिवस झालते. मी परत कामावर. मार्केट यार्डाजवळ लॅब हाय आमची, गूळ तपासतो. शिकलो कुठं न्हाय. बाटल्या धुता धुता, मोबाईलवर बघून.

सकाळी थोरल्या भावाचा फोन. गुऱ्हाळ तोच बघतो.

"उदय, व्यापाऱ्यानं माल अडवला. म्हणतोय, गुळात पीठ घातलंय. नमुना तुमच्यातच आलाय. आपल्या घरानं कवा पीठ घातलंय व्हय रं?"

"बघतो, दादा."

लॅबच्या मुख्य त्रिशला मॅडमना सरळ सांगितलं, हा नमुना आमच्या घरचा हाय.

"मग तू कर. मी शेजारी उभी राहते. सही माझी."

गूळ पाण्यात विरघळवला. स्पिरिट ओतलं. साखर वर पाण्यातच राहिली, तळाला चिकट गोळा बसला. एवढा कवा बसत न्हाय. आयोडीनचा थेंब टाकला. पीठ असतं तर निळा झाला असता. झाला न्हाय.

"भेंडीचा चिकटा असंल," मी म्हटलं. रस निवळायला भेंडी घालत्यातच.

"पट्टीवर कळेल."

गोळा ॲसिडात उकळून फोडला. काचपट्टीवर ठिपका दिला, शेजारी ओळखीच्या साखरांचे. द्रावण वर चढलं, तशा साखरा सुट्या झाल्या. फवारा मारून पट्टी तापवली. भेंडीचा असता तर दोन-तीन साखरांचे ठिपके आले असते. एकच आला. ग्लुकोजचा, मोठा, काळा.

"डेक्स्ट्रॅन," मॅडम म्हणाल्या. "तोडून ठेवलेल्या उसात जंतू हा चिकटा तयार करतात. किती दिवस पडला होता?"

"तेरा."

तोडणी झाली त्याच सांजंला आबा गेले. दिवस घातल्याबिगर गुऱ्हाळाचं चुलवाण पेटवायचं न्हाय, आत्ती म्हणाली. सगळ्यांनी मान हलवली. मीबी. ऊस खराब हुतोय हे मला म्हाईत होतं. बोललो न्हाय. रडलोबी न्हाय. नुसता बसून होतो.

दादाला फोन लावला.

"पीठ न्हाय."

"बघ! म्या सांगितलंतं त्या लेकाच्याला!"

"ऊस शिळा होता. माल नापासच."

"का शिळा झाला, ते लिव की मग."

"तसला रकाना न्हाय कागदात."

"बरं. पीठ न्हाय, एवढं तरी येतंय न्हवं?"

"येतंय."

"मग झालं."

"दादा, मला तवाच म्हाईत होतं."

"मला न्हवतं व्हय? म्या काय आजपास्नं गूळ करतोय? कागद धाड त्या व्यापाऱ्याला. पिठाचं पयलं दिसू दे."