गोणपाट

डिचोलीच्या खाणीवर वीस वर्षं मी ट्रक चालवला. गाडी पोटाखालून बघायची, एवढं मला कळतं. म्हणून माझ्या मुलाने, गौरेशने, पेडण्यात एक जुनी जपानी गाडी पसंत केली, तेव्हा मी गोणपाट घेऊनच गेलो.

"बाबा, लोक बघतायत!"

"बघू देत! तू विलायती रंगाला भुललास. आपली देशी गाडी बघ, अठरा वर्षं चालतेय."

गोणपाट अंथरून मी त्या गाडीखाली शिरलो आणि स्क्रूड्रायव्हरने सगळीकडे ठोकून पाहिलं. गंज कुठेच नव्हता.

"दर पावसाळ्यानंतर खालून धुऊन तेल मारतो," मालक, एक निवृत्त मास्तर, म्हणाले.

गौरेश हसला नाही, तेच मला जास्त लागलं. त्याच तिरमिरीत मी बाहेर उभ्या असलेल्या आमच्या गाडीखाली शिरलो. पहिल्याच ठोक्याला स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि गंजाचा भुगा तोंडावर पडला.

खाणमालकाचा ट्रक मी रोज पोटाखालून धूत होतो. स्वतःची गाडी मात्र नुसती वरून पुसली.

बाहेर येऊन मी गोणपाट झटकलं आणि गौरेशच्या हातात दिलं.

"गाडी घे. पण चावीच्या आधी हे धर."