नागमोडी खाचांचं रिव्हॉल्वर

कडूबाराव गेले, तेरावं झालं, आणि दुसऱ्याच दिवशी कल्याणनं आईपुढं विषय काढला तो रिव्हॉल्वरचा.

"आई, ती बला घरात नको. लायसन बाबांच्या नावावर होतं. आता सरकारजमा करू, सुटलो."

वाटूरच्या त्या घरात चाळीस वर्षं पुष्पाबाईंनी ते रिव्हॉल्वर लांबूनच पाहिलं होतं. दसऱ्याला मालक पेटीतून काढायचे, कुंकू लावायचे आणि परत ठेवून द्यायचे. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पुष्पाबाई शिलाई मशिनी दुरुस्त करायच्या. आसपासच्या गावांत कुठं मशीन अडली की त्यांनाच बोलावणं यायचं. पण घरातलं हे एक यंत्र त्यांनी कधी उघडून पाहिलं नव्हतं.

"आधी बघू दे मला," त्या म्हणाल्या. "जमा करायची एवढी काय घाई हाय?"

लायसन वारसाच्या नावावर होईपर्यंत हत्यार ठाण्यात नाहीतर परवाना असलेल्या दुकानात ठेवावं लागतं. जालन्यात अजमतभाईंचं बंदुकांचं जुनं दुकान होतं. मायलेक तिथं गेले. अजमतभाईंनी चष्मा चढवला, रिव्हॉल्वर खिडकीच्या उजेडात धरलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"भाभी, हे काय आणलं तुम्ही!" ते म्हणाले. "चाळीस बरस झाले या धंद्यात. अशी चीज मी फक्त फोटोत पाह्यल्ती. वेबली-फॉस्बेरी म्हणतात हिला. कडूबारावांकडं कुठून आली?"

"सासऱ्यांच्या वडलांना एका इंग्रजानं दिल्ती. कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनियर होता तो."

अजमतभाईंनी बोटानं दाखवलं. गोळ्यांच्या चाकावर सगळीकडून नागमोडी खाचा कोरलेल्या होत्या, लुगड्याच्या काठावर नक्षी असावी तशा. "बाकीच्यांचं चाक घोड्याच्या जोरावर फिरतं. हिचं न्हाई. गोळी सुटली की धक्क्यानं वरचा अख्खा भाग मागं सरकतो. खाली एक खुंटी हाय, ती या खाचेतून चालते आन् चाक फिरतं. बनवणाऱ्याची कमाल हाय!"

पुष्पाबाई पुढं वाकल्या. शिलाई मशीनच्या पोटात दोरा उचलणारी पट्टी अशाच एका खाचेतल्या खुंटीवर नाचते. ही नुसती नक्षी नाही, हे त्यांना सांगण्याआधीच कळलं होतं.

"मंग फिरवून दाखवा की."

"तेच तर. जाम हाय. तेल वाळून दगड झालंय. जोर लावला अन् काही तुटलं, तर पार्ट मिळणार न्हाई कुठंच."

"जोर कशाला लावता? भिजत घाला. आन् लोखंड लावू नका, बांबूची कामटी द्या मला."

त्या दिवसापासून लायसन आपल्या नावावर करून घ्यायच्या अर्जाच्या निमित्तानं पुष्पाबाई दर आठवड्याला एसटीनं जालन्याला येऊ लागल्या. दुकानात, अजमतभाईंच्या समोर बसून, त्या सुटे केलेले भाग रॉकेलमध्ये भिजवायच्या आणि टोक काढलेल्या कामटीनं एकेक खाच खरवडायच्या. काळं किटण निघायचं, खालून निळसर पोलाद दिसायचं. एका कडेला कारागिरानं कानशीनं मारलेला बारीक उतार होता. तो हाताला लागला तेव्हा त्यांनी अजमतभाईंना हाक मारली. दोघांनी आळीपाळीनं त्यावर बोट फिरवलं.

पाचव्या खेपेला अजमतभाईंनी भाग जोडले. चाक रिकामं आहे ना, हे दोनदा पाहिलं. लाकडी फळीला नळी टेकवून पुष्पाबाईंनी हलकेच दाब दिला. वरचा भाग सरकन मागं आला, चाक गोळीच्या अर्ध्या घराइतकं फिरलं. दाब सोडला, भाग पुढं गेला आणि उरलेलं अर्धं घर फिरून चाक खट् करून बसलं.

"वा! वा रे वा!" अजमतभाई टाळी वाजवून उठले. पुष्पाबाईंनी पुन्हा दाबलं. पुन्हा खट्. साठी ओलांडलेली ती बाई त्या दुपारी कितीतरी वेळ नुसती हसत होती.

बातमी पुण्याच्या, जुन्या हत्यारांच्या एका हौशी गृहस्थापर्यंत गेली. ते गाडी करून दुकानात आले, कल्याणला बाजूला घेऊन त्यांनी विकत घ्यायचा आकडा सांगितला. कल्याण पळतच आईजवळ आला.

"ऐकून तर घे!"

"आकडा राहू दे. त्यांना आधी बघू दे नीट."

पुष्पाबाईंनी पांढऱ्या कापडावर रिव्हॉल्वर उघडलं, खाच दाखवली, खुंटी दाखवली, परत जोडलं. गृहस्थ आकडा विसरून गेले. "बाई, मी तीस वर्षं हिचे फोटो जमवतोय," ते म्हणाले. "एकदा दाबून पाहू?"

"पाहा की. हळू हं."

त्यांनी दाबलं, डोळे मिटून तो आवाज ऐकला, आणि रिव्हॉल्वर दोन्ही हातांनी परत दिलं. जाताना कल्याणला म्हणाले, "तुमच्या जागी मी असतो तर मीही विकलं नसतं."

पावसाळा सरल्यावर लायसनच्या अर्जासाठी कलेक्टर कचेरीतून बोलावणं आलं. साहेबांनी कागद चाळले. "आजी, चालवता येतं का तुम्हाला?"

"चालवायचं न्हाई मला, साहेब. घरात एक गोळी न्हाई. उघडता येतं, पुसता येतं, जोडता येतं. घराण्याची वस्तू हाय, बराबर ठेवीन."

साहेबांनी लायसनवर सही केली.

रिव्हॉल्वर घेऊन दुकानातून निघताना अजमतभाई म्हणाले, "भाभी, तेलपाण्याला महिन्यातून एकदा आणत जा."

"तेलपाणी मी करते. तुम्हीच येत जा, शकीलाभाभींना घेऊन."

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी अजमतभाई आणि त्यांची बायको वाटूरला येतात. कल्याण पण त्या दिवशी मुद्दाम गावी असतो. तोच दार लावून घेतो, कापड अंथरतो, आणि आई रिव्हॉल्वर उघडत असताना चहा गार झाला तरी कुणी कपाला हात लावत नाही.