ओसरीवरचा पडदा

सगळं घर चिडीचूप होतं, एवढ्यात टेबलाखाली लेकीचं पैंजण छुमछुमलं. पद्मजाचा हात वायरीच्या स्क्रूवरच थांबला.

"जाई, वायरींना हात नको लावू राणी. बाहेर ये."

हिंगोलीच्या घरातल्या पुढच्या खोलीत पद्मजा लग्नपत्रिका टाइप करून छपाईसाठी मांडायची. तिच्या नवऱ्याने, अनिरुद्धने, नांदेडहून जेवणाच्या डब्याएवढा नवा कॉम्प्युटर आणला होता. त्याला पडद्यासाठी एकच रुंद पांढरं तोंड, अन् घरातले दोन्ही मॉनिटर जुने, निळ्या पिनेचे. म्हणून आधी पांढऱ्याचं निळं करणारा अडॅप्टर, त्यावर एकाचे दोन फाटे करणारा दुसरा. एक वायर तिच्या पुढ्यात, दुसरी खिडकीतून ओसरीवर.

"दोन्हीकडं एकच चित्र दिसणार बरं का," अनिरुद्धने बजावलं होतं.

तेच तर तिला हवं होतं. लोकांनी ओसरीवर बसून एकेक नाव वाचावं. मामाचं राहिलं, चुलत्याचं खाली गेलं, असे छापल्यानंतरचे रुसवे नकोत.

पहिली पत्रिका सेनगावच्या शिवकन्येची. तिची आई सिंधूबाई आणि धाकटे चुलते संपतराव आले होते. सिंधूबाई ओसरीवर जाईशेजारी टेकल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. साक्षरता वर्गात गिरवलेलं स्वतःचं नाव तेवढं ओळखता यायचं. पद्मजाने निमंत्रकाच्या जागी ते टाकलं, तशी बाहेरून जाई ओरडली, "सिं-धू-बा-ई!"

"अगं माय, ही मीच व्हय!" सिंधूबाई हसल्या. "शिवकन्येचा बाप गेला तवापासून राबून राहिले, पण नाव कुटं छापलं न्हाई बघ."

संपतरावांनी आत स्टूल पुढे ओढलं. आवाज खाली आणला.

"ताई, वैनीचं नाव काढा तिथून. माझं अन् आमच्या मंडळीचं टाका."

"काहून? आई आहे हो ती."

"मी न्हाई म्हणतो का? पण पोराकडचे शुभ-अशुभ लई पाहून राहिले. छापून आल्यावर सांगतो तिला समजावून."

पद्मजा क्षणभर घुटमळली. त्यांच्या घरचं ते बघतील, आपण कशाला मधे पडा, असं मनाशी म्हणत तिने बटण दाबलं. शेवटची ई गेली. मग बा. मग धू. मग सिं.

ओसरीवरचं हसू थांबलं.

तेव्हा तिला खिडकीतून गेलेली वायर आठवली. ती धावत बाहेर आली. सिंधूबाईंचं बोट अजून काचेवरच होतं, कोऱ्या जागेवर. जाई त्यांच्या मांडीशी रेलून पडद्याकडे बघत होती.

"काकू..." पद्मजा म्हणाली. एक बटण दाबलं असतं तर नाव परत आलं असतं. पण मागे दारात संपतराव उभे होते, आणि ती आत गेली नाही.

सिंधूबाईंनी बोट काढून घेतलं. पदर डोक्यावरून नीट केला. दिराकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"राहू दे माय. नवी मशीन हाय. चुकत असन."

जाईने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा पद्मजाकडे.

"आई, मशीन चुकली, का तू?"