निळ्या रंगाचा भरवसा

पद्माने परीक्षानळी उजेडाकडे धरली. निळीशार. सलग एकविसावा दिवस.

"आलं का निळं?" जनकाबाईंनी चुलीपासूनच विचारलं. सासूला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण लेकाच्या नऊ वर्षांच्या दुखण्यात रंग पाठ झाले होते. लघवी औषध घालून उकळली आणि विटकरी झाली तर साखरच साखर. पिवळी, हिरवी म्हणजे उतार. निळी म्हणजे साखर नाहीच.

"निळंच आहे, आत्याबाई."

"मंग पुनवेला विहारात खीर! बीमारी पळाली माझ्या पोराची. तोंड बघ कसं भरून आलं."

हरिचंद अंगणात दाढी करत होता. डोंगरकडा गावच्या शाळेत मास्तर, वय एकतीस, बाविसाव्या वर्षापासून रोज इन्शुलिनची सुई. "तुझ्या सुनेचे बोल खाऊन भरलं ते," तो म्हणाला.

"गप ऱ्हाय. तिच्यामुळंच उभा हाईस."

ते गावही म्हणायचं. नांदेडच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली पद्मा तीन वर्षांपूर्वी या घरात आली आणि स्पिरिटचा दिवा, नळी, सुई सगळं तिनेच हातात घेतलं. चाळीस युनिट दिले की अलीकडे हरिचंदला दरदरून घाम फुटायचा, हात कापायचे. म्हणून तिने इन्शुलिन उतरवत वीसवर आणलं होतं. औषध कमी लागतंय म्हणजे माणूस सुधारतोय; याहून सरळ काय असणार?

तेवढ्यात अकरा महिन्यांची छकुली रांगत गेली आणि बापाची नडगी धरून उभी राहिली. पद्माने हसत तिला उचललं, आणि तिचं हसू विरलं. नडगीवर चार इवल्या बोटांचे खळगे तसेच राहिले होते. तिने अंगठा दाबून पाहिला. खळगा भरून येईना.

"दुखतंय का?"

"न्हाई. जड वाटून राहिलं थोडं."

"उद्या नांदेडला जायचं. रक्त तपासायला."

"आता काहून?" जनकाबाई कावल्या. "निळं येऊन राहिलं तरी हिच्या जिवाला घोर!"

दुसऱ्या दिवशी नांदेडला तपासणीसाठी रक्त दिल्यावर दुपारी डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. छकुली पद्माच्या खांद्यावर झोपली होती.

"साखर चांगली आहे ना?" पद्माने बसायच्या आधीच विचारलं.

"साखर चांगली आहे, ताई. पण युरिया एकशे शहात्तर आहे. चाळिशीच्या आत हवा. क्रिएटिनीनही फार वाढलंय." डॉक्टर कागदावरून बोट फिरवत थांबले. "मूत्रपिंडं थकलीत. धड असती तर सुईतलं औषध त्यांनी मोडून टाकलं असतं. आता ते अंगातच रेंगाळतं, म्हणून कमी पुरतं. साखरही लघवीत पूर्वीसारखी उतरत नाही."

"आणि तोंड...?"

"सूज आहे ती."

हरिचंदने शांतपणे विचारलं, "किती दिवस, साहेब?"

"नक्की कोण सांगणार? एखादं वर्ष. मीठ बंद करा."

पद्माने विचारलं, "आधी कळलं असतं का? लघवीतून?"

"औषध न घालता नुसती उकळली असती, तर गळणाऱ्या प्रथिनांनी पांढरी झाली असती. पण कळून फार काही करता आलं असतं असं नाही."

'पांढरी'नंतरचं वाक्य तिने ऐकलंच नाही. हे तर तिने कॉलेजात स्वतःच्या हातांनी केलं होतं. तोच दिवा, तीच नळी. तीन वर्षांत एकदाही तिला नुसती उकळावीशी वाटली नव्हती. साखरेचं दुखणं, म्हणून ती साखरच बघत राहिली.

मोटार स्टँडकडे येताना हरिचंद एका फोटो स्टुडिओपाशी थांबला. "चल, तिघांचा काढू."

"आज नको हो. डोळे सुजलेत तुमचे. उतरल्यावर काढू."

"उतरल्यावर म्हणजे कवा, पद्मा?"

तिने त्याची कॉलर नीट केली.

आत दिव्यांच्या उजेडाने छकुली जागी झाली. बापाच्या मांडीवर बसून ती वर त्याच्याच तोंडाकडे टक लावून पाहू लागली. फोटोवाल्याने चुटक्या वाजवल्या, खुळखुळा हलवला. "बाई, लेकराला इकडं बघायला लावा की!"

"राहू द्या," पद्मा म्हणाली. "तिला तिकडंच बघू द्या."