रेमीचे शनिवार

सासूबाईंना माझ्या नवऱ्याला माझ्यापासून दोनशे किलोमीटर लांब नेऊन ठेवायचं होतं.

रेमी जानेवारीत गेला. त्याच्या रक्षेचा कलश लियॉनला, आमच्याच भागातल्या स्मशानभूमीत, भिंतीतल्या एका कोनाड्यात आहे. घरापासून चालत दहा मिनिटं. पाव आणायला बाहेर पडले की मी तिथे डोकावून येते, काहीबाही बोलते, परत येते. असं बरं चाललं होतं. आणि एप्रिलच्या सुरुवातीला सासूबाईंनी फोनवरून फर्मान काढलं.

"सोलांज, रेमीला व्हर्सोलला न्यायचं. सरोवराच्या वरच्या अंगाला स्मशानभूमी आहे ना, तिथे. त्याचा जीव तिथेच होता. येत्या शनिवार-रविवारी आपण दोघी जाऊन जागा बघून येऊ."

कायद्यानं हक्क माझा. मी 'नाही' म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण का नाही, हे सांगावं लागलं असतं, आणि तेच तर सांगता येत नव्हतं. कारण ज्या व्हर्सोलमध्ये त्याचा जीव अडकला होता म्हणे, तिथे रेमीनं अकरा वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. हे फक्त दोघांना ठाऊक होतं. त्यातला एक कोनाड्यात, आणि दुसरी मी.

सासूबाईंना १९७४ साली मूतखडा झाला होता. डॉक्टरांनी तीन आठवडे व्हर्सोलला पाठवलं. रोज सकाळी उपाशीपोटी झऱ्याचं तीन पेले पाणी प्यायचं. खडा पडला. तेव्हापासून आमच्या सासूबाईंच्या, क्लोतिल्दबाईंच्या, घशाखाली दुसरं पाणी उतरलं नाही. गावातल्या सार्वजनिक तोटीला ते फुकट मिळतं, आसपासचे लोक पेट्या भरभरून नेतात. रेमी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बारा काचेच्या बाटल्या घेऊन गाडीनं जायचा, रात्री परतायचा, आणि रविवारी त्या आईकडे पोचत्या करायचा. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी हे निमूटपणे पाहिलं. निमूटपणे म्हणजे, माझ्या मानानं निमूटपणे.

मग एका फेब्रुवारीत बर्फ पडलं, त्यात रेमीची कंबर धरली. तो तशातही बूट चढवायला लागला. मी म्हटलं, "भर आपल्या नळाचं. एका महिन्यानं काय आभाळ कोसळतंय?" म्हणजे पाप माझंच. रविवारी सासूबाईंनी पेला तोंडाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "याला म्हणतात पाणी!"

झालं. त्या दिवसापासून पहिला शनिवार आमचा झाला. रेमी 'गाडी चालवत' असायचा, म्हणून त्याचा फोन बंद. दिवसभर कुणी दार वाजवायचं नाही, कुणाला काही हवं नसायचं. पण गावाला गेलेल्या माणसानं चार बातम्या तर आणायला हव्यात. म्हणून त्यानं मनातल्या मनात सरोवराच्या घाटावर एक वॉफलची टपरी उघडली, तिच्यात झेली नावाची विधवा बसवली, आणि पाण्यात एक लंगडा हंस सोडला. खोटं बोलावं पण रेटून बोलावं, तसं. दुसऱ्या दिवशी आईला झेलीचा निरोप आणि हंसाची तब्येत सांगायचा. सासूबाई त्या हंसासाठी महिनाभर पावाचे तुकडे वाळवून कागदी पिशवीत भरून द्यायच्या.

तर शनिवारी आम्ही निघालो. गाडीत मांडीवर तसलीच एक पिशवी घेऊन सासूबाई बसल्या होत्या. वय अठ्ठ्याऐंशी, केस कालच सेट केलेले, ठेवणीतला काळा कोट. वाटेत त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू होता आणि मी मनातल्या मनात रेमीला शिव्या देत होते. मेलास तो मेलास, आणि मला इथे तोंडघशी पाडलंस.

हॉटेलात झऱ्याच्या स्नानाच्या उपचाराला आलेली मंडळी पांढरे झगे घालून, ओल्या केसांनी, कॉफी पीत फिरत होती. सासूबाईंनी एकाला आपादमस्तक न्याहाळलं. "आमच्या वेळी लोक कपडे घालून बरे व्हायचे," त्या मोठ्यानं म्हणाल्या. आणि बॅग खोलीत टाकायच्या आधीच घाटाकडे निघाल्या.

विस्टेरियाची वेल फुलली होती, समोर स्वित्झर्लंडच्या डोंगरांवर अजून बर्फ होतं, आणि घाटावर हिवाळाभर मिटलेल्या तीन टपऱ्या तशाच बंद होत्या. मला हायसं वाटलं.

"झेलीची कुठली?" सासूबाईंनी विचारलं.

"ती मधली असावी. मे महिन्यापर्यंत बंद असते, आई."

"बंद कशी? गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिनं रेमीला फुकट वॉफल दिलं होतं!"

"या वर्षी तिचे गुडघे दुखतायत," मी म्हटलं. मीही काही कच्ची नाही.

हंस होते, चांगले सात-आठ. सासूबाईंनी सगळ्यांचे पाय तपासायचा प्रयत्न केला. पण हंसाचे पाय पाण्याखाली असतात, त्यामुळे माझं निभावलं.

तोटीपाशी मात्र रांग होती. एक म्हातारे गृहस्थ प्लास्टिकचे डबे भरत होते. सासूबाई थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माझा मुलगा इथे दर महिन्याला यायचा. पहिल्या शनिवारी. उंच, देखणा, बाटल्यांची लाकडी पेटी घेऊन. रेमी. तुम्ही ओळखत असाल."

रेमी माझ्यापेक्षा दोन बोटं बुटका होता, आणि देखणा तो फक्त आम्हा दोघींना वाटायचा. त्या गृहस्थांनी आधी सासूबाईंच्या काळ्या कोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'यायचा' हा शब्द त्यांनी ऐकला होता. डबा खाली ठेवून त्यांनी टोपी काढली.

"हो तर, मादाम. चांगला आठवतो. फार सज्जन माणूस. नेहमी म्हाताऱ्यांना आधी भरू द्यायचा."

सासूबाईंचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. पुढचा अर्धा तास त्या माणसाचा हात त्यांनी सोडला नाही. तोही बिचारा सांगत राहिला, रेमी हवेबद्दल काय म्हणायचा, बाटल्या कशा पुसायचा. एका अनोळखी माणसानं दयेपोटी माझा नवरा पुन्हा नव्यानं घडवला. आणि माझा खरा नवरा, कंबर धरलेला, घोरणारा, कॉफी करपवणारा, त्याला तिथे कुणीच ओळखत नव्हतं. मला त्या भल्या माणसाचा राग आला. मग स्वतःचा आला.

रात्री जेवताना सासूबाईंनी पर्च मासा दोनदा मागवला. "बघितलंस? गाव ओळखतं त्याला. सोमवारी सकाळी नगरपालिकेत फोन करून टाकू."

मी पानात मान घालून बसले. म्हटलं, उद्या. उद्या सांगते.

रविवारी सकाळी स्मशानभूमी चढून गेलो. जागा सुरेख होती, खोटं कशाला बोलू. खाली सरोवर, प्रत्येक कबरीवर ऊन. सासूबाई एका मोकळ्या चौकोनाशी काठी टेकून उभ्या राहिल्या.

"इथे. इथून त्याला तोटी दिसेल, झेलीची टपरी दिसेल."

मी त्या रिकाम्या मातीकडे बघितलं. इथे तो एकटा पडेल, हे मला उभ्या उभ्या कळलं. ज्या गावातून जीव वाचवून तो घरी राहिला, त्याच गावात कायमचा.

"आई, झेली नाही," मी म्हटलं.

"गुडघे बरे होतील तिचे."

"झेली कधीच नव्हती. हंसही नव्हता. अकरा वर्षं रेमी इथे आला नाही. पाणी आमच्या नळाचं होतं. पहिल्यांदा मीच भरायला लावलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग बाजूच्या बाकावर बसल्या. मीही बसले, पण मधे एका माणसाची जागा सोडून.

"आणि तो टोपीवाला?"

"त्याला तुमची दया आली."

"पाव मी अकरा वर्षं वाळवला," त्या म्हणाल्या. आवाज थंड होता. "त्याचं काय केलंत?"

"कांद्याच्या सुपात घातला."

"चांगला व्हायचा?"

"फार छान."

त्यांनी नाक वर केलं. मला वाटलं, आता काठी बसते. पण त्या खाली सरोवराकडे बघत होत्या. बोलल्या तेव्हा आवाज म्हातारा झाला होता.

"म्हणजे तो घरीच असायचा. तुझ्याजवळ."

"हो."

"मला सांगायचा नाही का, की आई, जमत नाही?"

"भीत होता. तुम्हाला नाही, तुम्हाला वाईट वाटेल याला." मग जे खरं होतं ते सगळंच सांगून टाकलं. "आणि मलाही ते शनिवार हवे होते, आई. मी त्याला सांगू दिलं नसतं. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस ते. मला त्याची लाज वाटत नाही. तुमच्यापासून चोरले, याची वाटते."

खालून चर्चची घंटा ऐकू आली. सासूबाईंनी मांडीवरचे हात उलटे केले, पुन्हा सुलटे केले.

"राहू दे त्याला तिथेच," त्या म्हणाल्या. "तुझ्या घराजवळ."

मी नुसती मान हलवली.

"पण मला एक दे," त्या पुढे म्हणाल्या. "त्यानं मला सगळे खोटे शनिवार सांगितले. तुझ्याकडे खरे आहेत. त्यातला एक सांग. कुठलाही."

मी आठवून आठवून अगदी साधा निवडला. नोव्हेंबर होता. रेमी साडेनऊला उठला, कॉफी उतू घालवली, माझ्यावरच ओरडला. मग पायमोजे न घालता खिडकीत उभा राहून समोरच्या घरातल्या बाईचं बागेत पानं गोळा करणं बघत राहिला. दुपारी आम्ही पत्ते खेळलो, तो हरला, आणि डाव मोजताना मी लबाडी केली म्हणाला. केली होती. संध्याकाळी माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला, तोंड उघडं टाकून, आणि पाय मुंग्या येऊन बधिर झाला तरी मी हलले नाही.

सांगता सांगता बघितलं, तर अंत्यविधीला डोळ्यांत टिपूस न आणलेली ती बाई रडत होती. नाक पुसायचंही भान नव्हतं. मी गप्प झाले.

"थांबू नकोस," त्या म्हणाल्या, आणि आमच्या मधल्या रिकाम्या जागेत सरकून माझ्याशेजारी बसल्या. "उठल्यावर काय म्हणाला?"