घंटेला बांधलेला एप्रन

मी एक जुनी बाजारघंटा आहे, मित्रांनो, आणि माझ्या लोलकाला एक एप्रन बांधलेला आहे. निळ्या फुलांचा, धुऊन धुऊन विटलेला. फिरायला आलेले लोक खाली उभे राहून त्याचा फोटो काढतात आणि हसतात. हसू देत बापडे. त्यांना कुणी सांगितलंच नाही, तर त्यांना तरी काय कळणार?

ऑल्डरविक या लहानशा इंग्रजी गावाच्या भर चौकात दगडी खांबांचा एक मंडप आहे. पूर्वी शेतकऱ्यांच्या बायका इथे लोणी विकत, म्हणून तो लोणीमंडप. त्याच्या तुळईला मी टांगलेली आहे. माझा जन्मही त्या बायकांमुळेच झाला. काही लबाड विक्रेते भल्या पहाटे येऊन माल खपवत आणि लांबून चिखल तुडवत येणाऱ्या बाईला गिऱ्हाईकच उरत नसे. मग बायकांनी घरातली फुटकी पातेली, मोडके दिवे गोळा करून ओताऱ्याला दिले. एकीने तर शिवणाचा अंगुस्ताना काढून दिला. त्या सगळ्याची मी झाले. घंटा वाजल्याशिवाय कुणी काही विकायचं नाही, असा नियम ठरला. एका बड्या जमीनदाराला साध्या कोबीसाठी पावसात ताटकळताना मी पाहिलं आहे. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

माझं आणखी एक काम होतं. बाजारातलं कुणी वारलं, की पुढच्या गुरुवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, माझे टोल अगदी सावकाश पडत. ते ऐकले की जो तो आपल्या मालावर कापड ओढी आणि शेवटच्या टोलाचा नाद विरेपर्यंत गप्प उभा राही. विकणं नाही, बोलणं नाही. मेलेल्याला बाजाराने दिलेला तो मान होता.

माझी दोरी विल्फ्रेड गार्थच्या हाती होती. तो अंडी विकायचा आणि त्याची बायको डॉर्कस शेजारी लोणी आणि मुरंबे मांडायची. विल्फ्रेड जितका अबोल, तितकी ही बडबडी. माझी कडी कुरकुरली की ती स्टुलावर चढून तिला चिमूटभर लोणी फासायची.

"विल्फ, दोरी ओढतोस की बैल? जरा बेताने! म्हातारी झाली ती."

"तुझ्याच वयाची आहे," विल्फ्रेड पुटपुटायचा.

"मग तर आणखीच बेताने!"

पुढे गावाबाहेर मोठं दुकान झालं आणि आमचा बाजार ओस पडू लागला. फिरायला येणारे लोक किल्ल्याचा पडका बुरूज बघत, नदीकाठी चालत, स्कोन नावाच्या गोड पावावर साय घालून खात आणि मोटारीत बसून निघून जात. एका गुरुवारी सगळे विक्रेते माझ्याखाली जमले. चीज विकणारी हेस्टर म्हणाली, "पाहुण्यांना घंटा वाजवू द्या. पोरं वाजवतील, तोवर आया काहीतरी विकत घेतील."

"आणि उद्या खरंच कुणी गेलं तर? कळायचं कसं?" विल्फ्रेडने विचारलं.

"तुझा हात कुणाला कळणार नाही होय रे?" डॉर्कस हसली. "लावा पाटी. पण विल्फ, माझ्या वेळी नीट वाजव हं, घाई नको. जन्मभर या बाजाराचा कालवा ऐकलाय. मेल्यावर तरी मला इथे घटकाभर शांतता हवी."

सगळे हसले. पाटी लागली, "ऐतिहासिक घंटा वाजवून पाहा!" आणि खरोखरच गर्दी वाढली. खोटं कशाला बोलू, मलाही मजा येत होती. दिवसभर चिमुकले हात दोरीला लोंबकळत. विक्रेत्यांनी मात्र हळूहळू माझ्याकडे कान देणं सोडलं. रोज दारात भुंकणाऱ्या कुत्र्याकडे कोण बघतं?

त्या हिवाळ्यात डॉर्कस आजारी पडली. ईस्टरच्या सुट्टीत शहरातल्या इस्पितळात ती वारली. विल्फ्रेडने बाजारात कुणाला कळवलं नाही, कारण ते कळवण्याचं काम माझं होतं.

गुरुवारी तो काळा कोट घालून आला. हातात अंड्यांची टोपली नव्हती. चौक पाहुण्यांनी फुलला होता आणि माझ्या दोरीपुढे रांग होती. तो थेट पुढे आला.

"आजोबा, रांग आहे हो," एक बाई म्हणाली.

"माफ करा," असं म्हणून विल्फ्रेड निमूटपणे मागे गेला आणि रांगेत उभा राहिला. माझी दोरी जन्मभर ज्याच्या हातात होती, तो पोरांच्या मागे आपली पाळी येण्याची वाट पाहत होता! अरे, सांग ना त्यांना, असं मला ओरडावंसं वाटत होतं. पण मी पडले घंटा. कुणी ओढल्याशिवाय मला आवाज नाही.

त्याची पाळी आली. त्याने मला वाजवलं, सावकाश, एकेक टोल पुरता विरू देत. इतकं सुंदर त्याने मला कधीच वाजवलं नव्हतं.

"जरा दम लावा की, आजोबा!" मागून कुणीतरी ओरडलं.

मासेवाला भाव ओरडतच राहिला. हेस्टर चीज कापत होती, तिने मान वर केली नाही. एकाही मालावर कापड आलं नाही. विल्फ्रेडने सगळ्या चौकावरून नजर फिरवली.

"झालं ना तुमचं? आता आमच्या पोरीला द्या," एक गृहस्थ म्हणाला.

"हो, हो. माफ करा."

मग त्याने स्टूल ओढलं, खिशातून डॉर्कसचा एप्रन काढला आणि माझ्या लोलकाला घट्ट बांधला. खाली उतरून तो बसकडे चालू लागला.

त्या पोरीने दोरी ओढली. नुसतं थप्प झालं. तिने पुन्हा ओढली, पुन्हा थप्प.

थोड्या वेळाने हेस्टरने मान वर केली. "आज घंटा का गप्प झाली ग?" तिने पुढे येऊन वर बघितलं. खिशाजवळचा मुरंब्याचा जांभळा डाग तिने ओळखला. हातातली सुरी तिने तिथेच ठेवली.

"काय झालं?" मासेवाल्याने विचारलं.

"डॉर्कस गेली."

तिने परत जाऊन चीजवर कापड ओढलं. मग मासेवाल्याने. मग एकेक करत सगळ्यांनी. पाहुणे गोंधळून गप्प झाले. नदीचं पाणी ऐकू यावं, इतका तो चौक शांत झाला. डॉर्कसला हवी होती तेवढी सगळी शांतता तिथे होती. पण विल्फ्रेडची बस तेव्हा पुलापलीकडे गेली होती.

रविवारी हेस्टर त्याच्या घरी जाऊन आली. तिने मासेवाल्याला सांगितलं ते मी ऐकलं. विल्फ्रेडने तिला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं झालं. तिला आवडलं असतं." तो पुन्हा कधी बाजारात आला नाही. पाटी निघाली. एप्रन सोडायला कुणाचा हात धजला नाही.

मित्रांनो, जुन्या गावांत फिरायला जरूर जा. बुरूज बघा, स्कोन खा, घंटेची दोरीही ओढा, माझी त्याला ना नाही. पण रांगेत तुमच्या मागे काळ्या कोटातला एखादा म्हातारा उभा असेल, तर त्याला पुढे जाऊ द्या. आणि त्याचं वाजवून होईपर्यंत जरा गप्प उभे राहा.